डुशेनच्या मुलांच्या कुटुंबांचा मेळावा कसा घ्यावा?

परभणी जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या एका सरांनी विचारलं आहे: "माझा भाचा सात वर्षांचा आहे. त्याला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी असल्याचं गेल्या वर्षी कळलं. दवाखान्याच्या रांगेत ओळखी होत होत परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, बीड मिळून दहा-बारा कुटुंबं जोडली गेली. सगळ्यांना एक दिवस एकत्र आणायचं आहे. डॉक्टर कोणते बोलवावेत? लेकरांना आणायला सांगावं की फक्त आई-बापांनी यावं? आणि व्हीलचेअरवरची मोठी मुलं पाहून लहान मुलांचे आई-वडील खचणार तर नाहीत?"

सर, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे. त्याचं उत्तर नीट ठरलं की बाकीचा दिवस आपोआप आखला जातो, म्हणून तिथूनच सुरुवात करते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. स्नायूंच्या आजारांच्या मुलांसोबत मराठवाड्यातच काम करत आले आहे आणि अशा मेळाव्यांच्या आखणीत अनेकदा राहिले आहे. त्या अनुभवातून लिहिते.

डुशेन हा मुख्यतः मुलग्यांना होणारा, स्नायू हळूहळू कमजोर करत जाणारा आनुवंशिक आजार आहे. त्याची सगळी मुलं एका हॉलमध्ये बसली तरी प्रत्येकाचा मुक्काम वेगळा असतो. पाच वर्षांचा मुलगा पळताना पडतो, त्याच्या पोटऱ्या टणक आणि जाड दिसतात, जमिनीवरून उठताना तो स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत टेकत वर येतो. दहा-बारा वर्षांच्या सुमारास बहुतेकांचं चालणं थांबतं. स्टिरॉइड वेळेत सुरू होऊन नियमित राहिलं तर ते काही वर्षं लांबतं. पुढे हात, पाठीचा कणा, श्वास, हृदय असं एकेक सांभाळावं लागतं. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा रात्री बायपॅपचा, म्हणजे श्वास ढकलणाऱ्या मशीनचा, मास्क लावून झोपत असतो. गेल्या वर्षीच निदान कळलेली आई हॉलच्या दारात उभी राहते आणि आपल्या लेकराची पुढची दहा वर्षं तिला एका नजरेत दिसतात. कोणी तिला आधी काही सांगितलेलं नसतं. अशी कुटुंबं जेवणाआधीच निघून जातात आणि पुढे फोनही उचलत नाहीत, हे मी पाहिलं आहे.

यावर काही ठिकाणी मोठ्या मुलांना बोलवायचंच नाही असा मार्ग काढतात. मला तो अजिबात मान्य नाही. ज्या मुलाला शाळेनं, लग्नकार्यानं, गावच्या जत्रेनं हळूहळू बाहेर ठेवलं, त्याला त्याच्याच आजाराच्या मेळाव्यातही जागा नसावी, यासारखा अन्याय नाही. शिवाय सगळ्यांत उपयोगी माहिती याच घरांकडे असते. बायपॅप कसा भाड्यानं मिळाला, दहावीला लेखनिक कसा घेतला, रात्री किती वेळा कूस बदलावी लागते आणि ती आई झोपते कधी, हे कुठल्याही डॉक्टरला सांगता येणार नाही.

म्हणून मोठ्या मुलांना जरूर बोलवा, पण लहान मुलांच्या घरी आधी फोन करा. हा फोन दुसऱ्या कोणाकडे सोपवू नका, तुम्ही स्वतः करा. मी साधारण असं बोलते: "ताई, मेळाव्याला मोठी मुलंही येणार आहेत. काही खुर्चीवर असतील, एखाद्याजवळ श्वासाचं मशीन असेल. त्यांना पाहून पोटात गोळा येईल, तसा तो सगळ्यांनाच येतो. तुम्हाला जमेल तेवढाच वेळ थांबा. सकाळी तुमच्याच मुलाच्या वयाच्या मुलांचे आई-वडील वेगळे बसणार आहेत, तेवढंच करून निघालात तरी चालेल." आधी इतकं बोलणं झालेलं असलं की माणसं सहसा थांबतात. नवरा-बायकोत एकाला सगळं ठाऊक असतं आणि दुसऱ्यानं ऐकायचंच टाळलेलं असतं, असंही असतं. तेव्हा दोघांशी वेगवेगळं बोला.

दिवसाचा पहिला दीड तास टप्प्यांप्रमाणे तीन गट करा: चालणारी मुलं, चालणं थांबत आलेली मुलं, खुर्चीवरची मुलं. दहा-बारा कुटुंबांत एकेका गटात तीन-चार घरं येतील, तेवढी पुरेत. मधल्या गटाकडे विशेष लक्ष द्या. सगळ्यांत एकटा तोच असतो. मुलगा कालपर्यंत चालत होता, आज भिंत धरतो आणि घरात व्हीलचेअर आणणं म्हणजे हार मानणं असं वडिलांना वाटत असतं. त्या गटात ज्यांनी नुकतीच खुर्ची घेतली असं एक कुटुंब बसवा. खुर्ची आल्यावर मुलगा पुन्हा शाळेत जाऊ लागला, पडणं थांबलं, हे दुसऱ्या बापाच्या तोंडून ऐकण्यात जे बळ आहे ते माझ्या सांगण्यात नाही.

आता लेकरांना आणायचं का. आणा. पण मोठ्यांची बोलणी चालतात त्या खोलीत त्यांना बसवू नका. सात वर्षांचं मूल खेळत असलं तरी कान देऊन सगळं ऐकतं. शेजारच्या खोलीत कॅरम, चित्रं, पत्ते, मोबाइलवरचे खेळ ठेवा. जवळच्या फिजिओथेरपी किंवा नर्सिंग कॉलेजचे विद्यार्थी मदतीला घ्या, शक्यतो एका मुलामागे एक. त्यांना आदल्या दिवशी एक गोष्ट हमखास शिकवा: या मुलांना काखेत हात घालून उचलायचं नाही. त्यांच्या खांद्याचे स्नायू ढिले असतात, मूल हातातून खाली निसटतं. एकानं मागून छातीभोवती आणि दुसऱ्यानं मांड्यांखालून धरून, दोघांनी मिळून उचलायचं. जेवणानंतर हेच प्रात्यक्षिक आई-वडिलांसाठीही ठेवा. चाळीस-पन्नास किलोचा मुलगा एकटीनं उचलून पाठ गेलेल्या कितीतरी माता मी तपासल्या आहेत.

बारा-तेरा वर्षांच्या पुढच्या मुलांना मात्र मूल समजून खेळाच्या खोलीत ढकलू नका. त्यांना विचारा, कुठे बसायचंय. नोंदणीच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसायला त्यांना आवडतं आणि जमतंही. एखाद्याला माइक घ्यायचा असेल तर द्या, पण "तुला कसं वाटतं" असं सगळ्यांसमोर कोणी विचारू नये. त्यांचा असा एक तास ठेवा ज्यात आई-वडील नसतील. मुलगे एकमेकांत आजाराविषयी फारसं बोलत नाहीत. क्रिकेट, गेम, इंस्टाग्राम यांवरच बोलतात. त्यांना तेच हवं असतं.

यापेक्षाही महत्त्वाचा भाग आईचा आहे. सर, तुम्ही मुलाचे मामा आहात, म्हणून तुमच्याशी जास्त मोकळेपणानं बोलते.

डुशेनचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला एक्स आईकडूनच मिळतो, त्यामुळे दोष आला तर बहुधा आईच्या बाजूनं येतो. एवढं अर्धवट ज्ञान गावात पोचलं की "तुझ्या माहेरचा रोग" हे वाक्य घराघरात सुरू होतं. सासू बोलते, कधी नवरा बोलतो, सोयरे सुचवतात की दुसरं लग्न कर. काही घरांत तर आजाराचं नाव कळलं त्याच आठवड्यात आईला माहेरी धाडलं जातं. मेळाव्यात जनुकशास्त्राचा भाग घ्यायचा तो मुख्यतः यासाठी. तिथे सासू-सासरे आणि दीर बसलेले असतील असं पाहा.

काय सांगायचं ते स्पष्ट आहे. या आजाराच्या मुलांपैकी साधारण दोन तृतीयांश मुलांच्या आयांमध्ये दोष आधीपासून असतो. उरलेल्या सुमारे एक तृतीयांश मुलांत तो नव्यानं घडलेला असतो, आईच्या माहेरीही कोणाला नसतो. डुशेनचं हे डिस्ट्रॉफिन जनुक माणसाच्या सगळ्यांत मोठ्या जनुकांपैकी एक आहे, त्यात ७९ एक्सॉन म्हणजे कामाचे तुकडे आहेत. इतक्या लांबलचक जनुकाची नक्कल करताना चूक होण्याची शक्यताही जास्त असते. कोणी काही खाल्लं, ग्रहणात बाहेर पडलं, नवस फेडला नाही, यातल्या कशाचाही याच्याशी संबंध नाही. आपल्याकडे मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्नं होतात, काही समाजांत सख्ख्या मामाशीही होतात. त्यामुळे "नात्यात लग्न केलं म्हणून झालं" असंही लोक म्हणतात. नात्यातल्या लग्नानं काही आनुवंशिक आजारांचा धोका खरोखर वाढतो. डुशेन मात्र त्या आजारांपैकी नाही. दोन कुटुंबं नात्यात असोत वा नसोत, आईकडे तो एक्स असेल तर प्रत्येक गरोदरपणात मुलगा झाल्यास त्याला आजार होण्याची शक्यता निम्मी, मुलगी झाल्यास ती वाहक, म्हणजे दोष पुढच्या पिढीला देऊ शकणारी, असण्याची शक्यता निम्मी.

आता तुमच्या घराचं. तुम्हाला स्वतःला आजार नाही, म्हणजे तुमच्याकडे तो दोष नाही. तुमच्या मुलाबाळांना तुमच्याकडून तो जाणार नाही, ही चिंता असेल तर सोडून द्या. पण तुमच्या बाकीच्या बहिणी, भाच्याच्या मावश्या, त्यांना हे कळायला हवं. भाच्याच्या तपासणीत नेमका दोष सापडला असेल तर आधी तुमच्या या बहिणीचं रक्त त्याच दोषासाठी तपासून घ्या आणि तिच्यात तो सापडला तर पुढे मावश्यांचं. मेळाव्याच्या आमंत्रणात "मावशीलाही आणा" असं ठळक लिहा. बहुतेक ठिकाणी मावशीला कोणी बोलवत नाही आणि दोन-तीन वर्षांनी तिच्याच घरी दुसरा मुलगा सापडतो. सगळ्यांत टाळता येण्याजोगं दुःख हे आहे.

यातल्या दोन बारकाव्यांसाठी जनुकीय समुपदेशक किंवा जनुकतज्ज्ञ लागतो. पहिला असा की, आईच्या रक्तात दोष सापडला नाही तरी पुढच्या गरोदरपणातला धोका पूर्ण शून्य होत नाही, कारण काही बीजांडांत तो असू शकतो. दुसरा घरातल्या धाकट्या मुलींचा. चौदा वर्षांची बहीण वाहक आहे का हे आत्ताच तपासून टाकू, असं आई-बापांना वाटतं. ती मोठी होऊन स्वतः समजून घेईल आणि ठरवेल तोवर ती तपासणी थांबवावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. मुलीच्या लग्नाच्या बाजारात तो कागद कसा वापरला जाईल हे आपल्याला इथे वेगळं सांगायला नको. प्रौढ वाहक स्त्रियांनी मात्र स्वतःच्या हृदयाची तपासणी अधूनमधून करून घ्यावी. त्यांच्यापैकी काहींच्या हृदयाच्या स्नायूवर परिणाम होतो आणि हे बायांना सहसा कोणी सांगत नाही.

म्हणून बायकांची एक बैठक पुरुषांशिवाय घ्याच. पुढच्या बाळाचा प्रश्न तिथेच निघतो, तोही कुजबुजत. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. त्यानंतर झालेल्या कारवायांमुळे "गर्भाची तपासणी" म्हटलं की लोक दचकतात आणि सोनोग्राफीवाले डॉक्टरही सावध होतात. कायदा काय आहे तो तिथे नीट सांगा. १९९४ च्या गर्भलिंग निदान कायद्यानं गर्भाचं लिंग तपासायला बंदी केली, मात्र लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भतपासणीला त्याच कायद्यात परवानगी आहे. अकराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या दरम्यान वारेचा बारीक तुकडा घेऊन, किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल घेऊन ही तपासणी होते. त्यासाठी घरातल्या मुलाचा नेमका दोष आधी कागदावर असावा लागतो. दिवस गेल्यावर धावपळ सुरू केली तर वेळ पुरत नाही. जनुकाचा तुकडा गळलाय किंवा दुप्पट झालाय का हे पाहणाऱ्या एमएलपीए तपासणीत साधारण ७० ते ८० टक्के मुलांचा दोष सापडतो, उरलेल्यांना जनुकाचं सविस्तर वाचन करावं लागतं. आणि ज्या घराला तपासणी नकोच असेल, त्या आईवर मेळाव्यात कोणीही दबाव आणू नये.

वडिलांचंही बोलते. आपल्याकडे बाप हॉलच्या बाहेर उभा राहतो, गाडी लावतो, चहा सांगतो, बिलं देतो, बोलत मात्र नाही. मंडपाच्या कडेला त्यांचा वेगळा गोल करा. तो चालवायला मोठ्या मुलाचे वडील घ्या, माझ्यासारखी बाई नको. विषय ठरवून दिला की बोलणं सुरू होतं: खुर्ची कुठून घेतली, कर्ज किती झालं, दुकान किंवा शेत सांभाळून दवाखाना कसा करता. मनातलं त्यामागून येतं.

डॉक्टर किती बोलवावेत? दोन, फार तर तीन. यादी लांबली की प्रत्येकाचं भाषण होतं आणि कुटुंबांना प्रश्न विचारायला दहा मिनिटं उरतात. बालरोगतज्ज्ञ किंवा मेंदू-स्नायूविकारतज्ज्ञ बोलवा, पण डुशेनची मुलं प्रत्यक्ष पाहणारा. एक जनुकतज्ज्ञ, तो मोबाइलवरून पडद्यावर आला तरी चालेल. आणि एक फिजिओथेरपिस्ट. प्रश्न आधीच चिठ्ठ्यांवर गोळा करा, नाव न लिहिता. कोणी मोठ्यानं विचारणार नाही असे प्रश्न चिठ्ठीतच येतात: "किती वर्षं?" हा त्यातला पहिला. तो टाळू नका. डॉक्टरांना आधी सांगून ठेवा की तो आल्यावर खरं आणि धीरानं उत्तर द्यायचं. हृदय कमजोर होतं, श्वासाचे स्नायू थकतात, आयुष्य कमी असतं हे खरं आहे. त्याचबरोबर हृदयाची औषधं आणि श्वासाचा आधार वेळेवर मिळालेली माणसं आज तिशीत आणि तिशीपुढेही जगत आहेत, हेही खरं आहे.

डॉक्टरांकडून या चार गोष्टी मात्र नक्की सांगून घ्या, त्या जिवाशी जोडलेल्या आहेत. स्टिरॉइड एकदम बंद करायचं नाही, गोळ्या संपल्या म्हणूनही नाही आणि कोणा वैद्यानं सांगितलं म्हणूनही नाही. शरीराची स्वतःची स्टिरॉइड बनवणारी यंत्रणा झोपलेली असते, अचानक बंद केल्यास मूल कोसळू शकतं. दुसरं, हृदयाचा इको निदानापासूनच करायचा आणि दरवर्षी करत राहायचा. या मुलांची हालचाल कमी असल्यानं धाप लागत नाही, म्हणून हृदयाचा त्रास बाहेरून कळत नाही. तिसरं, हाड मोडलं किंवा ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञाला पहिलं वाक्य "मुलाला डुशेन आहे" हे सांगायचं. सक्सिनिलकोलिन हे भुलीच्या वेळचं औषध आणि वासाची भूल देणारे वायू या मुलांना धोक्याचे असतात. चौथं, श्वास थकलेल्या मोठ्या मुलाला नुसता ऑक्सिजन लावून ठेवणं घातक ठरू शकतं, त्याला श्वास ढकलणारं मशीन लागतं. या चारही गोष्टी मराठी आणि इंग्रजीत एका कार्डावर छापून, लॅमिनेट करून प्रत्येक घराला द्या. तालुक्याच्या दवाखान्यात रात्री दोन वाजता ते कार्ड कामाला येतं.

तुम्ही शिक्षक आहात म्हणून एक खास विनंती. तुमच्या केंद्रातल्या शाळांना कळवा की या मुलांना उठाबशा काढायला लावू नयेत, ना शिक्षा म्हणून, ना पीटीच्या तासाला. उतरताना, खाली बसताना स्नायू ताणाखाली काम करतो आणि त्यातच त्याचे धागे जास्त तुटतात. जिने चढणं-उतरणं कमी व्हावं म्हणून त्या मुलाचा वर्ग तळमजल्यावर घ्या. पोहणं, बेताचं चालणं, टाचेच्या शिरेला रोज ताण देणं, रात्री पायाला स्प्लिंट (पाऊल सरळ धरून ठेवणारा आधार) एवढा व्यायाम त्याला पुरतो. जोरकस मालिश करून "नसा मोकळ्या" करणाऱ्यांपासून त्याला लांब ठेवा.

आता जागा आणि तारीख. परभणी योग्य आहे. नांदेडकडून, जालना-संभाजीनगरकडून आणि परळीकडून येणाऱ्या गाड्या तिथे मिळतात, हिंगोलीकर पूर्णेवरून येतात. गाडी दुसऱ्या फलाटावर लागणार असेल तर खुर्चीवरच्या मुलाला पुलावरून कसं न्यायचं हे आदल्या दिवशी स्टेशन मास्तरांना भेटून ठरवा. एसटीची पायरी या मुलांसाठी फार उंच आहे. मोठ्या मुलांच्या घरांना दोन-तीन जणांत मिळून गाडी करून द्या आणि भाड्याचे पैसे येताच पाकिटात द्या, माइकवर सांगू नका. एका दिवसाची मजुरी बुडवून, वर प्रवासाचा खर्च करून येणं ज्यांना परवडत नाही ते "पाव्हणे आलेत" म्हणून कारण सांगतात आणि आपण त्यांना रस नाही असं समजतो.

एप्रिल-मे नको, उन्हात ही मुलं गळून जातात. दिवाळीनंतर बीड, धाराशिव, जालन्याची बरीच कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. त्या काळात लेकरू आजीपाशी असतं. पेरणीत कोणी येणार नाही, सोयाबीन काढणीतही नाही. कोळपणी उरकलेली आणि काढणी लांब असते तो ऑगस्टचा एखादा रविवार मला सगळ्यांत बरा वाटतो. पोळा आणि गणपती बघून घ्या. आमंत्रणात आजीचं नाव स्वतंत्र घाला, कारण ऊसतोड कुटुंबांत गोळ्या देणारी, स्प्लिंट बांधणारी तीच असते.

हॉल तळमजल्यावरचा घ्या. एक फूट उंचीची पायरी असेल तर रॅम्प बारा फूट लांब हवा. मंडपवाले तीन फुटांची फळी टाकून देतात, ती चालत नाही, त्यावरून खुर्ची उलटते. सतरंजीवर बैठक मुळीच नको. जमिनीवरून उठताना होणारी मुलाची ओढाताण सगळ्यांसमोर होते आणि मोठी मुलं त्या भीतीनं पाणीसुद्धा पीत नाहीत. हातांच्या, जरा उंच खुर्च्या ठेवा. संडास तुम्ही स्वतः जाऊन पाहा. मंगल कार्यालयांत बहुतेक भारतीय पद्धतीचे असतात, दारं अरुंद असतात. दोन कमोड खुर्च्या भाड्यानं आणा आणि आडोसा करा. एक खोली गादी टाकून मोकळी ठेवा, पाठ टेकायला. जेवण साधं असू द्या: भाकरी, वरण, पालेभाजी, ताक. स्टिरॉइडनं भूक आणि वजन वाढतं, त्यामुळे जिलबीचे ढीग नकोत. एखादा गोड घास सगळ्यांना सारखा द्या. मुलाला "तुला नाही" म्हणायची पाळी कोणावर येऊ नये.

उद्घाटन, दीपप्रज्वलन, सत्कार यांत तास जातो. पाहुणे पुढारी बोलवायचेच असतील तर जेवणाला बोलवा आणि त्यांनी कुटुंबांशी बसून बोलावं असं सांगा. मंचावर खुर्ची वाटप करून मुलाचा फोटो काढायचा आणि पेपरात द्यायचा, हे मी होऊ देत नाही. फोटो कोणाचा काढायचा, कुठे टाकायचा याची लेखी संमती घ्या, आणि दहा वर्षांपुढचा मुलगा नको म्हणाला तर नको.

बाहेरच्या बाजूला एक टेबल कागदपत्रांचं ठेवा. त्यावर दिव्यांग प्रमाणपत्राचा ऑनलाइन अर्ज भरून देणारा माणूस बसवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव आहे, तरी "चालतोय की अजून" म्हणून परत पाठवलेली कुटुंबं भेटतात. प्रमाणपत्र ४० टक्के किंवा त्याहून जास्त असलं की बऱ्याच सवलतींचं दार उघडतं आणि सहा ते अठरा वयापर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क त्याच कायद्यात आहे. चालणं कमी झाल्यावर टक्केवारी पुन्हा तपासून घ्यायची असते, ही आठवण द्या. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात डुशेनचा समावेश आहे आणि महाराष्ट्रात मुंबईचं केईएम रुग्णालय त्या धोरणाखालचं उत्कृष्टता केंद्र आहे, हेही माहीत असू द्या.

याच ठिकाणी सावधही राहा. जिथे दहा-बारा घाबरलेली घरं एकत्र येतात तिथे औषध विकणारा पोचतोच. स्टेम सेलच्या, म्हणजे मूळपेशींच्या, उपचारापायी शेत विकलेली घरं मी जवळून पाहिली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, रक्ताच्या काही आजारांत होणारं मूळपेशींचं रोपण सोडलं तर अशा उपचाराला मान्यताप्राप्त चाचणीबाहेर परवानगी नाही, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. अमेरिकेत २०२३ साली मंजूर झालेल्या जनुक उपचाराविषयीही विचारतील, त्याची किंमत ३२ लाख डॉलर आहे. २०२५ मध्ये चालणं थांबलेल्या दोन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाल्यावर तशा मुलांसाठी त्याचा पुरवठा थांबवण्यात आला. आशा ठेवू नका असं मी कोणाला म्हणत नाही. हे सगळं डॉक्टरांनी हॉलमध्ये मोकळेपणानं सांगावं, म्हणजे ते एजंटाकडून ऐकावं लागत नाही. स्टॉल मात्र कोणालाही देऊ नका, मोफत तपासणी शिबिराच्या नावाखालीही नाही. समुपदेशनाशिवाय घेतलेलं रक्त घरात भांडण घेऊन येतं.

ज्यांचा मुलगा गेला आहे अशी कुटुंबं तुमच्या यादीत असतील तर त्यांना वगळू नका. फोन करून विचारा, यायचंय का. काही येतात आणि शांत बसतात. काही आपल्या मुलाची खुर्ची, बायपॅप, कमोड दुसऱ्या घराला देऊन जातात. ती देवघेव जाहीर करायची नाही, त्या दोन घरांतच होऊ द्या. आणि व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्यांचा नंबर काढू नका, ते स्वतः निघेपर्यंत.

ग्रुपवर रिपोर्ट टाकायचे नाहीत, औषधाचे फॉरवर्ड टाकायचे नाहीत, एवढे दोन नियम पहिल्या दिवशी सांगा. मेळाव्यानंतर आठवड्याभरात प्रत्येक घरी फोन जायला हवा, विशेषतः लवकर निघून गेलेल्यांना. हे काम तुमच्या एकट्यावर घेऊ नका. त्याच टप्प्यावरच्या दुसऱ्या घराकडे एकेक नाव सोपवा: हिंगोलीच्या आईनं नांदेडच्या आईला, बीडच्या बापानं लातूरच्या बापाला. ही जोडणी जेवणाच्या पंगतीतच करून ठेवा आणि दोन्ही घरांचे नंबर एकमेकांच्या फोनमध्ये तिथेच सेव्ह झालेत ना, हे बघूनच लोकांना निरोप द्या.